आमच्या घरी झालेला खून

"तुमची हरकत नसेल तर आम्हाला तुमच्या घरात एक खून करायचा आहे," दारातली बाई म्हणाली आणि स्वतःच हसली.

तिचे बूट चिखलानं माखले होते आणि कोटावरून पाणी निथळत होतं. नाव गेल. एका टेलिव्हिजन कंपनीसाठी ती शूटिंगच्या जागा शोधत गावोगाव फिरत होती. मी तिला आत घेतलं.

"काय म्हणतेय गं ती?" अक्कानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"खून करायचाय म्हणते. आपल्या घरात."

"चहा घेणार का ते विचार आधी," अक्का म्हणाली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

आता तेरा-चौदा वर्षं झाली असतील या गोष्टीला. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा गावात मी राहत होते. अजूनही तिथंच राहते. घर दगडी, पूर्वी चर्चच्या पाद्रीबाबांसाठी बांधलेलं. माझे यजमान, डॉक्टर मधुसूदन घारपुरे, या गावाचे आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचे डॉक्टर. गावकऱ्यांना ‘घारपुरे’ कधी म्हणताच आलं नाही, म्हणून सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत. हळूहळू मीही तेच म्हणायला लागले. आदल्या वर्षीच्या जानेवारीत ते गेले. अक्का, माझी थोरली बहीण, गेल आली त्याच वर्षी मार्चमध्ये कऱ्हाडहून माझ्या सोबतीला आली होती. थंडी तिला सोसत नव्हती. स्वेटरवर स्वेटर चढवून ती दिवसभर शेगडीपाशी बसायची.

गेलनं चहा घेतला, अक्कानं पुढे केलेली चकली खाल्ली आणि कामाचं सांगितलं. एका जुन्या रहस्यकादंबरीवरून दोन तासांचं नाटक करायचं होतं, टेलिव्हिजनसाठी. काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. निवृत्त न्यायाधीश आपल्या अभ्यासिकेत मरून पडलेले सापडतात आणि मग लंडनहून इन्स्पेक्टर येतो. "पुस्तकात ते बागेतल्या काचघरात मरतात," ती म्हणाली, "पण काचघरात उजेडाची फार कटकट होते. म्हणून आम्ही त्यांना अभ्यासिकेत मारतोय."

हे डॉक्टरांनी ऐकलं असतं तर! रविवारची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे या असल्या नाटकांची. डॉक्टर आधी लायब्ररीतून मूळ कादंबरी आणून वाचायचे आणि नाटक सुरू झालं की तक्रार करायचे, "पुस्तकात हिला भाऊच नव्हता! हा कुठून आणला?" पुस्तक मिळालं नसलं तर त्यांचा संशय दर वेळी नाटकातल्या डॉक्टरवर. "त्याच्याकडे विष असतं आणि घरात शिरायला त्याला कुणी अडवत नाही," म्हणायचे. आणि एक वाक्य ठरलेलं, "या गावांत एवढे खून होतात, तरी घरांच्या किमती काही उतरत नाहीत."

"बागेतून मला तुमची एक खोली दिसली," गेल म्हणाली. "मोठी खिडकी आहे, थेट हिरवळीवर उघडणारी. पडदे ओढलेले होते. ती बघता येईल?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण गेलचं बोट कुठल्या दिशेला गेलं ते तिला कळलं होतं.

"आज नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही घ्या ती खोली."

"न बघता?"

"बघायची तर तुम्हाला आहे. मला नाही. तुम्ही पुढच्या आठवड्यात या."

गेल निघून गेल्यावर अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुंदे, ती मधुसूदनरावांची खोली."

"हो."

"ज्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले, तिथं हे लोक खोटं मढं ठेवणार? आणि तू हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"मला त्या मढ्याचं एवढं नाही," अक्का म्हणाली, "पण आल्यापासून बघतेय, ते दार बंद. मी काही बोलले नाही. आमचे हे गेले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या खोलीत इस्लामपूरच्या सहा बायका झोपल्या होत्या. खोल्या बंद ठेवायला आमच्याकडे जास्तीच्या खोल्या कुठायत? आणि आता उघडतेयस ती या लोकांसाठी?"

मी भाजी चिरायला घेतली.

ऋचा, माझी मुलगी, लीड्सला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे काय नवीन?"

"नवीन काही नाही. तीन दिवस येतील आणि जातील."

"आणि घराचं काय? मँचेस्टरच्या त्या लोकांना एप्रिलअखेर उत्तर द्यायचंय."

हे घर विकून मी तिच्या शेजारी लहानसा फ्लॅट घ्यावा, असं तिचं म्हणणं होतं. मँचेस्टरचं एक जोडपं घर बघून गेलं होतं. त्यांना ते आवडलंही होतं. फक्त त्या बाईनं जाताना विचारलं होतं, या बंद दारामागे काय आहे. मी म्हटलं होतं, किल्ली सापडत नाही. ऋचानं ते ऐकलं होतं. परतताना गाडीत बसण्याआधी ती मला म्हणाली होती, "आई, ज्या घरातली एक खोली तुला उघडवत नाही, त्या घरात एकटीनं राहायचा हट्ट का करतेस?"

ते मला लागलं होतं, कारण ते खरं होतं.

"एप्रिलअखेर उत्तर देईन," मी फोनवर म्हटलं. "त्याच्या आधी यांचं शूटिंग होऊन जाईल."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"आहे."

"मावशी काय म्हणते?"

"मावशी म्हणते, या लोकांना चकली आवडते."

ऋचा हसली नाही. फोन ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात गेल आणि सजावट करणारी दोन माणसं आली. मी खिशातली किल्ली गेलच्या हातात दिली. "तुम्हीच उघडा," म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग पडद्यांच्या कड्या सरकल्याचा. पावलं वाजली. कुणीतरी म्हणालं, "वा!" मी कणीक मळत होते. ती एवढी मळली की अक्कानं परात माझ्यासमोरून ओढून घेतली.

"अगं, दगड करशील तिचा."

थोड्या वेळानं गेल आली. खोली अगदी हवी तशीच आहे, पुस्तकांची कपाटंसुद्धा चालतील, म्हणाली. "फक्त ती आरामखुर्ची हल्लीची आहे. ती आम्ही बाहेर काढू आणि त्या काळातली एक चामड्याची आणू. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

मी काय बोलले, ते मला दहा मिनिटांनी कळलं. वर जायला म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर पडले तर बोळात, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली, डॉक्टरांची खुर्ची. मी त्या खोलीत गेले नव्हते, तर खुर्चीच बाहेर माझ्यापर्यंत आली होती. हिरवं कापड, उजव्या हातावर पेनाच्या शाईचा डाग. मी भिंतीला हात टेकला. पुढे जाता येईना, मागेही येईना.

मागून अक्का आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग लुगडं सावरलं आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली. मागे रेलली, पाय लांब केले.

"अक्का!"

"बरी आहे की," ती म्हणाली. "गुडघ्यांना आराम पडतो. इतके दिवस मला त्या लाकडी खुर्चीवर बसवतेयस ते!"

मला राग आला होता की हसू, ते आजही सांगता येणार नाही. पण मी तिच्या पायांना वळसा घालून जिन्यापर्यंत गेले. अक्कानं ती खुर्ची मग सोडलीच नाही. शूटिंगचे तीन दिवस ती बोळात त्याच खुर्चीत बसून होती. दिवे आणि वायरी नेणारे लोक तिला "एक्स्क्यूज मी" म्हणत वळसे घालून जायचे, आणि ती मान हलवून परवानगी द्यायची.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते सगळे आले. हिरवळीवर तंबू, रस्त्याकडेला गाड्यांची रांग, एक जुनी काळी मोटार ताडपत्रीखाली. गावातली निम्मी माणसं कुंपणाशी. दिग्दर्शक तिशीचा मुलगा, बारीक, सतत केसांतून हात फिरवणारा. अक्कानं त्याला पहिल्या दिवशी सकाळीच गाठलं. तिच्या हातात नारळ होता, ब्रॅडफर्डच्या दुकानातून आणलेला.

"याला सांग," ती मला म्हणाली, "कोल्हापूरला नारळ फोडल्याशिवाय शूटिंग सुरू होत नाही. मी लहानपणी बघितलंय. इथं तर मढ्यानंच सुरुवात. नारळ पाहिजेच."

मी सांगितलं. त्या मुलाला आधी कळेना, पण मग त्यालाच ते आवडलं. सगळं युनिट गोळा झालं. अक्कानं पायरीवर नारळ फोडला, कॅमेऱ्याला लांबूनच नमस्कार केला आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले. अभ्यासिकेच्या दारापाशी येऊन ती क्षणभर थांबली, ओंजळीतलं नारळाचं पाणी उंबऱ्यावर शिंपडलं आणि परत येऊन खुर्चीत बसली.

मी अजून उंबरा ओलांडला नव्हता.

न्यायाधीशांचं काम करणारा नट पंचाहत्तरीच्या पुढचा होता. लेनर्ड. उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशा, चालताना एक पाय थोडा ओढायचा. त्याला पूर्ण नाटकात दोनच वाक्यं होती, मग मरायचं. दुपारी तो मेकअप करून, जुना गाऊन घालून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत येऊ?"

"या ना. बसा."

तो बसला. अक्कानं केलेला सांजा मी त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो निवांत खाल्ला. मग म्हणाला, "कुंपणाशी एक बाई भेटली. ती म्हणाली, तुमचे मिस्टर याच खोलीत गेले. गेलला हे माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"हे बघा," तो म्हणाला, "मी आयुष्यभर पडद्यावर मरत आलोय. मरणं हे माझं पोट भरायचं काम आहे. पण हे तुम्हाला नको असेल तर मी त्यांना सांगेन की माझी पाठ धरलीय, उद्या दुसरी जागा बघा. माझं वय असं आहे की कुणीही विश्वास ठेवेल. तुमच्यावर काही येणार नाही."

इतकं साधेपणानं मला त्या वर्षात कुणी काही विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, पण मी मान हलवली.

"नको. करा तुम्ही. फक्त मला आत यायचंय. तुम्ही मराल तेव्हा मला तिथं बसायचंय."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "का" असं विचारलं नाही. "मी बोलतो त्यांच्याशी," म्हणाला.

दिग्दर्शक तयार नव्हता. खोलीत आधीच गर्दी, वरून घराची मालकीण. पण लेनर्ड म्हणाला, "ही बसणार नसेल तर माझी पाठ आत्ताच दुखायला लागलीय." मग त्या मुलानं केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, "कॅमेऱ्याच्या मागे. खोक्यावर. आणि एक शब्दही नको."

मी बोळातून निघाले. अक्कानं माझा हात धरला.

"येऊ का बरोबर?"

"नको. बस तू."

"जा मग. थांबू नकोस उंबऱ्यावर."

मी थांबले नाही. आत सोळा-सतरा माणसं होती, वायरी होत्या, एवढ्या मोठ्या दिव्यांची धग होती. पायाखाली काय आहे ते बघत, वायरी चुकवत मी गेले, आणि खोक्यावर बसल्यावरच मान वर केली. कपाटं तीच. खिडकी तीच. टेबलावर मात्र दुसऱ्या कुणाचे तरी कागद, पितळी दौत, जुना टेलिफोन. आणि खिडकीपाशी, डॉक्टरांची खुर्ची असायची त्याच जागी, तपकिरी चामड्याची ती दुसरी खुर्ची. उजेड तिथंच चांगला येतो ना. डॉक्टरांनीही ती जागा त्याच कारणासाठी निवडली होती.

लेनर्ड जाऊन खुर्चीत बसला. एका मुलीनं त्याचे केस विस्कटले, चष्मा कपाळावर सरकवला, एक पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. त्यानं मान एका बाजूला टाकली, उजवा हात खुर्चीबाहेर सोडला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू निघून गेलं. कसं करतात कोण जाणे.

मोलकरणीचं काम करणारी मुलगी ट्रे घेऊन आत आली, थबकली, ट्रे पडला, ती किंचाळली. कट. पुन्हा. परत फुटक्या कपांच्या जागी नवे कप आले. परत किंचाळी. मी खोक्याची कड घट्ट धरून बसले होते, पण बसले होते. मला वाटलं, जमतंय. एवढंच तर होतं.

मग त्यांनी कॅमेरा जवळ नेला. आता फक्त चेहरा आणि तो लोंबणारा हात. मुलगी नाही, ट्रे नाही, आवाज नाही. दिग्दर्शक लेनर्डला म्हणाला, "जेवढा वेळ श्वास रोखता येईल तेवढा रोखा." खोलीतले सगळे गप्प झाले. दिव्यांची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

मी त्याच्या छातीकडे बघत होते. ती हलत नव्हती. अजून हलत नव्हती. कुणीच ‘कट’ म्हणेना. खिडकीतून सकाळसारखा उजेड येत होता, बनवलेला, पण तसाच. हाताची बोटं किंचित वळलेली. कपाळावर चष्मा. एका क्षणी मला वाटलं, आता हा खरंच गेलाय आणि एवढ्या माणसांतलं कुणीही त्याला हाक मारत नाहीये.

"अहो!"

मी उभी होते. कधी उठले कळलं नाही.

"अहो, उठा ना! अहो!"

आवाज माझाच होता, पण इतका मोठा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता.

आणि खुर्चीतल्या माणसानं डोळे उघडले. मान सरळ केली. लोंबणारा हात वर घेतला, खुर्चीच्या हातावर टेकवला, दोनदा प्रयत्न करून, कण्हत, तो उठून उभा राहिला. मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. माझा जीव घाबरला तो तेव्हा, आधी नाही. तो पाय ओढत, वायरी ओलांडत माझ्यापर्यंत आला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात गरम होते.

"आहे मी," तो म्हणाला. "मी आहे."

मी रडले. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, लहान मुलासारखी. कुणीतरी दिवे बंद केले. दारात अक्का उभी होती, पण ती आत आली नाही, मला रडू दिलं.

डॉक्टर गेले तेव्हा मी रडले नव्हते. त्या सकाळी मी खाली आले तर अभ्यासिकेतला दिवा जळत होता. दार ढकललं. ते खुर्चीत होते, मान कलंडलेली, चष्मा कपाळावर. डॉक्टरची बायको मी. छत्तीस वर्षांत एवढं ओळखायला शिकले होते. दारातूनच कळलं. मी पुढे गेले नाही. हात लावला नाही. बोळातला फोन उचलून नाव सांगितलं, पत्ता सांगितला, वळण कुठं घ्यायचं ते सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, तुम्ही फारच धीराच्या आहात हो. नंतर सगळेच तसं म्हणाले. गावात, कऱ्हाडला, सगळीकडे. कुंदा फार धीराची.

पण मी त्यांना हाक मारली नव्हती. कऱ्हाडला कुणी वारलं की घरातल्या बायका आधी हाकाच मारतात. उठायचं नसतं त्या माणसानं, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मारतात. मी मारली नाही. फोन केला. आणि मग ती हाक माझ्या घशात जी बसली, ती बसलीच. दार उघडलं तर ती बाहेर येईल आणि त्या रिकाम्या खोलीत ऐकायला कुणी नसेल, याची मला भीती वाटायची. म्हणून कुलूप. आणि गेलनं जेव्हा विचारलं, तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की, आत माणसं असतील तर मी जाऊ शकेन.

हे मी लेनर्डला त्याच खोक्यावर बसून सांगितलं, जमेल तसं. त्यानं विचारलं, "तुम्ही जे म्हणालात, ते त्यांचं नाव का?"

"नाही. आमच्यात नाव घेत नाहीत. नुसतं ‘अहो’ म्हणतात."

"अहो," त्यानं म्हणून बघितलं. मग डोळे टिपत म्हणाला, "पुष्कळदा मेलोय मी, पण असं कुणी बोलावलं नव्हतं."

दिग्दर्शक दारापाशी घुटमळत होता. तो टेक वाया गेला होता आणि उजेडाचं गणित चुकणार होतं, पण बिचारा बोलायला धजत नव्हता. मीच तोंड पुसलं.

"घ्या परत," मी म्हटलं. "मी बसते. आता बोलणार नाही."

"नक्की?"

"नक्की. तुमचं काम पुरं करा."

त्यांनी अजून चार-पाच टेक घेतले. मी शेवटपर्यंत बसले. दर वेळी लेनर्ड मेला आणि दर वेळी उठला, आणि उठताना माझ्याकडे बघून एक भुवई उडवायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋचा आली. कुंपणाशी जमलेल्यांपैकी कुणीतरी तिला काय झालं ते फोनवर कळवलं असावं. ती ऑफिसातून थेट आली होती. युनिटचे लोक सामान आवरत होते. मी अभ्यासिकेत उभी राहून दोन माणसांना टेबल कुठं ठेवायचं ते दाखवत होते. "खिडकीकडे नको. भिंतीकडे घ्या. खिडकी मोकळी राहू दे."

ऋचा दाराशी थांबली.

"आई, तू आत आहेस."

"हो. तू का थांबलीस? ये."

ती आली नाही. चौकटीला हात लावून उभी राहिली. तिचा चेहरा बघितला आणि मला एकदम समजलं.

"ऋचा, तू कधी आली होतीस या खोलीत? बाबा गेल्यानंतर?"

तिनं मान हलवली. नाही.

"मला वाटायचं, घर विकलं की आपोआप होईल," ती म्हणाली. "दुसरं कुणी उघडेल. मला बघावं लागणार नाही. तुझी काळजी होतीच गं, पण..."

इतके महिने मी समजत होते की ती मला घराबाहेर काढू बघतेय. आम्ही दोघी एकाच बंद दारासमोर उभ्या होतो म्हणा ना. मी पुढे झाले आणि तिचा हात धरला. तिला ओढलं नाही. मागून अक्काचा आवाज आला, "अगं पोरींनो, एकदा काय ते आत नाहीतर बाहेर. माणसांना सोफा न्यायचाय!"

ऋचा आत आली. बाबांच्या कपाटांवरून हात फिरवत खोलीच्या टोकापर्यंत गेली. बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

रात्री जेवताना मी तिला म्हटलं, "मँचेस्टरवाल्यांना नाही म्हणून कळव."

"खरंच राहणार आहेस तू इथं?"

"राहणार आहे. बर्फ पडलं की तुझ्याकडे येईन. बाकी इथंच."

"आणि काही झालं तर?"

"तर हाक मारीन," मी म्हटलं. "आता येते मला मारता."

ती वाद घालेल असं वाटलं होतं, पण तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "भुयारासारखी थंड आहे ती खोली. हीटर तरी लावून घे."

अक्का ऑगस्टमध्ये कऱ्हाडला परत गेली. हिरवी खुर्ची घेऊन जाता येईल का, असं तिनं विमान कंपनीला विचारायला लावलं होतं मला.

नाटक त्या डिसेंबरात दाखवलं. आम्ही टीव्ही अभ्यासिकेत आणून ठेवला होता, आणि कुंपणाशी उभी राहिलेली बरीचशी मंडळी त्या रात्री सतरंज्यांवर, स्टुलांवर, जिथं जागा मिळेल तिथं बसली होती. ऋचा नवऱ्याला घेऊन आली होती. पडद्यावर आमची हिरवळ दिसली, खिडकी दिसली, तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोलकरीण ट्रे घेऊन आली आणि किंचाळली. मग लेनर्डचा चेहरा आला, जवळून, आणि तो हात. अगदी थोडा वेळ. लगेच काळी मोटार रस्त्यानं येताना दिसली. उठतो ते अर्थात त्यात नव्हतं.

माझ्या शेजारी पोस्टातल्या मिसेस हार्डकासल बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली? घरात असं प्रेत, खोटं का असेना?"

"मेलेला होता तोवर नाही," मी म्हटलं. "उठला तेव्हा वाटली."

सगळे हसले. ऋचा तेवढी हसली नाही. तिनं रिमोट घेतला आणि आवाज थोडा वाढवला, कारण इन्स्पेक्टर आत आला होता आणि पहिला प्रश्न विचारत होता.